प्रकल्प नोंदी: चोवीस नावं आणि एक सफरचंद

१४ जून
दीर्घांकाचं नक्की झालं. दिग्दर्शन करणाऱ्या ताईंनी ब्रिटनच्या दंतकथेतल्या राजा आर्थरच्या गोष्टींतला भाग उचललाय, पण दगडातून तलवार उपसण्याचा नाही आणि पवित्र पात्राच्या शोधाचाही नाही. आर्थरची राणी ग्विनेव्हिअर लंडनला गोलमेजाच्या, म्हणजे आर्थरच्या गोल टेबलाभोवती बसणाऱ्या, चोवीस सरदारांना खासगी मेजवानी देते, त्यातला एक जण सफरचंद खाऊन जागच्या जागी मरतो आणि आळ राणीवर येतो. टॉमस मॅलरीनं पंधराव्या शतकात लिहिलेली ही गोष्ट कॅक्स्टननं १४८५ मध्ये छापली. ताईंच्या मते अख्ख्या आर्थरकथेत कोर्टाचं नाटक म्हणावं असं हे एकच प्रकरण आहे. मला तसे निदान दोन दिसतात, पण वाद घातला नाही.

माझ्याकडे नेपथ्य. शिवाय संहिता कापायला मदत.

नावात ‘गोलमेज’ नको असं सगळ्यांचं मत पडलं. पोस्टरवर तो शब्द वाचला की लोकांना १९३० ची लंडनची परिषद आणि बाबासाहेब आठवणार, आणि आठवायलाच हवेत. राजा राणीला बाजू मांडायला पंधरा दिवस देतो, म्हणून तात्पुरतं नाव ‘पंधरा दिवसांची मुदत’.

१९ जून
पहिलं वाचन झालं. घटनाक्रम इथे टिपून ठेवतो, म्हणजे तालमीत कुणी मधेच विचारलं तर शोधाशोध नको.

राणीचं लॅन्सेलॉटशी, म्हणजे तिच्या प्रियकराशी आणि दरबारातल्या सगळ्यांत सरस सरदाराशी, बिनसलंय, तिनं त्याला दरबारातून घालवून दिलंय. त्याच्यावाचून आपलं काही अडत नाही हे दाखवायला ती मेजवानी घालते. राजाचा भाचा गवेन, त्याला फळांची भारी आवड, म्हणून ताटांत सफरचंदं आणि पेअर. पिनेल नावाच्या सरदाराचा गवेनवर जुना दावा. तो फळांत विष कालवतो. पण फळ पडतं आयर्लंडच्या पॅट्रिसच्या हातात. पॅट्रिसचा भाऊबंद मॅडोर सगळ्यांसमोर राणीवर घातपाताचा आरोप ठेवतो. निवाडा द्वंद्वाचा: मुदतीत राणीच्या बाजूनं कुणी मॅडोरशी लढून जिंकला तर राणी सुटली, नाहीतर चिता.

सगळे खाली मान घालून बसलेत, कारण मेजवानी राणीची. एकही जण म्हणत नाही की ती असं करणार नाही. आणि एकही जण विचारत नाही की फळं कुणी आणली, ताटात कुणी मांडली, हात कुणाकुणाचे लागले. मॅलरीच्या पानावर चौकशी नावाची गोष्टच नाही. आरोप, मुदत आणि मैदान.

ताई म्हणाल्या, “हा न विचारलेला प्रश्न प्रेक्षकाला घसा खवखवल्यासारखा जाणवला पाहिजे.” मी वहीत लिहून घेतलं. नेपथ्यातून ते कसं करायचं, ते आता मी बघायचं.

२५ जून
इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या मेजाचा अभ्यास करायला बसलो. खरं मेज म्हणून दाखवण्यासारखी जगात तीच एक वस्तू. तिथल्या किल्ल्याच्या मोठ्या दालनात भिंतीवर टांगलेली ओकची गोल फळी, व्यास १८ फूट, वजन साधारण १.२ टन. पाय गेलेत, पण मागच्या बाजूला पायांची खोबणी आहेत, म्हणजे कधीकाळी ते खरोखर मेज होतं. लाकूड तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं निघालं, म्हणजे बहुधा पहिल्या एडवर्डच्या हौसेपायी झालेलं काम. आर्थर तेव्हाही गोष्टीतलाच राजा होता.

वरचा रंग त्याहून नवा. आठव्या हेन्रीनं तो करवून घेतला. १५२२ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स इंग्लंडला आला, तेव्हा पाहुण्याला दाखवायला ही फळी होतीच. हिरवे-पांढरे पट्टे ट्यूडर घराण्याचे, मधलं गुलाबाचं फूलही त्यांचंच, आणि वरच्या अंगाला बसलेल्या आर्थरचा दाढीवाला चेहरा खुद्द तरुण हेन्रीशी जुळणारा. म्हणजे मेज गोल, पण त्याला डोकं आहे. राजा जिथे बसतो तिथून गोलाची सुरुवात होते.

काठावर चोवीस सरदारांची नावं. राजाच्या एका हाताला गॅलहॅड, सगळ्यांत निष्कलंक. दुसऱ्या हाताला मॉर्ड्रेड, जो पुढे राज्य बुडवणार. रंगवणाऱ्याला हे ठाऊक असणारच. कुणाला शेजारी बसवायचं हे ठरवताना तो हसला असेल का, हा आपला माझा प्रश्न.

निर्णय: हुबेहूब प्रतिकृती नको. निम्मं माप, ९ फूट व्यास. राजाची खुर्ची मेजाच्या बाहेर, सहा इंचांच्या लेव्हलवर (चौथऱ्यावर).

२ जुलै
सुतारकाका आले. १२ एमएमचा प्लाय, आठ फाका, प्रत्येक फाकेवर तीन नावं. ८ बाय ४ च्या एका शीटमधून दोन फाका निघतात, टोकं एकमेकांत घुसवून मांडली तर. काकांनी शीटवर खडूनं आखून दाखवलं: एका फाकेचा रुंद भाग डावीकडे, दुसरीचा उजवीकडे, मधल्या फूटभरात दोन्ही चिंचोळी टोकं एकमेकांना चुकवून जातात. चार शीटमध्ये अख्खं मेज. फाका खालून बॅटनवर नटबोल्टनं आवळायच्या, म्हणजे टेम्पोत आडव्या रचता येतील. “घडीचं मेज होय,” म्हणाले, “असं आधी कुणी केलं नसंल.”

केलंय. चहाच्या वेळी सांगितलं. तेराव्या शतकाच्या आसपास लेयामन नावाच्या इंग्रज पाद्र्यानं जे आर्थरचं काव्य लिहिलं, त्यात हे मेज कॉर्नवॉलच्या एका सुताराच्या डोक्यातून निघतं. सोळाशेच्या वर माणसं बसतील असं, आणि राजा जाईल तिकडे सोबत नेता येईल असं. काम चार आठवड्यांत उरकतो. काका पटकन म्हणाले, “सोळाशे माणसांचं मेज चार आठवड्यांत? आगाऊ रक्कम घेऊन पळाला असंल.”

ते मेज का लागलं, तो भाग मात्र त्यांना सांगितला नाही. मेजवानीत मानपानावरून भांडण पेटतं. आधी पाव फेकले जातात, मग दारूनं भरलेले चांदीचे वाडगे, मग मुठी, मग सुऱ्या, मुडदे. आर्थर भांडण सुरू करणाऱ्याला दलदलीत बुडवायला लावतो, त्याच्या जवळच्या पुरुष नातेवाइकांची मुंडकी उडवायला सांगतो आणि बायकांची नाकं कापायला. समतेचं मेज येतं ते यानंतर. ११५५ मध्ये मेजाचा पहिला लेखी उल्लेख करणारा कवी वेस एवढंच म्हणतो की कुणी वरच्या जागेचा तोरा मिरवू नये म्हणून ते गोल केलं. लेयामननं त्याखाली रक्त दाखवलं. मला लेयामन जास्त खरा वाटतो.

९ जुलै
शपथेवर चर्चा, आणि आजची तालीम सगळी त्यातच गेली. गेली ते बरंच झालं.

मॅलरीच्या सरदारांना दरवर्षी पेन्टेकॉस्टच्या सणाला आर्थरपुढे शपथ घ्यावी लागते. अत्याचार आणि खून करायचा नाही, दगाबाजीच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, दया मागेल त्याला द्यायची, बायकांच्या मदतीला धावायचं (या कलमाला मृत्युदंड जोडलेला), आणि धनाच्या लोभानं किंवा कशापायीही चुकीच्या बाजूनं लढायचं नाही.

ही कलमं आकाशातून पडलेली नाहीत. शपथ येते ती आर्थरच्या लग्नानंतरच्या तीन मोहिमांच्या शेवटी, आणि त्या मोहिमांत सरदारांनी घातलेले घोळच त्यात उतरलेत. गवेननं शरण आलेल्याला दया नाकारली, वार करायला गेला, मधे त्या माणसाची प्रियतमा येऊन पडली आणि तिचं डोकं उडालं. ते मुंडकं गळ्यात बांधून त्याला दरबारात यावं लागलं. तिथे निवाडा कुणी केला? राणी ग्विनेव्हिअरच्या हुकमानं बसलेल्या बायकांच्या पंचायतीनं. इथून पुढे बायकांच्या बाजूनं उभं राहायचं आणि दया मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, अशी सजा त्यांनी गवेनला सुनावली.

तोच गवेन आता सफरचंदाच्या मेजवानीला हजर आहे. विष त्याच्यासाठीच होतं हे त्याला कळलंय. तो राणीला म्हणतो काय? ही मेजवानी माझ्यासाठी होती, माझ्या फळांच्या आवडीमुळे माझाच जीव जाणार होता, आणि आता बाईसाहेब, बदनामी तुमची व्हायची वेळ आलीय. पुढे गप्प.

मॅडोर करणाऱ्या मुलानं बरोबर गाठ पकडली. म्हणाला, “बायकांच्या मदतीला धावायचं हेही कलम, आणि चुकीच्या बाजूनं लढायचं नाही हेही कलम. ती दोषी असेल असं वाटलं तर दोन्ही एकदम कशी पाळायची?” हाच तिढा आहे. राणीनं विष घातलं का हे कुणी शोधत नाही, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्या कलमाच्या आडोशाला जातो. शपथ मोडल्याचा दोष कुणालाच लागत नाही आणि बाई चितेपर्यंत येऊन पोचते.

बोर्स या सरदाराची गोष्ट तर आणखी गमतीची. राणी त्याच्यापुढे गुडघे टेकते, तेव्हा तो म्हणतो, मी त्या मेजवानीला होतो, तुमची बाजू घेतली तर लोक माझ्यावरही संशय घेतील. पुढे तयार होतो, पण अटीवर: माझ्याहून सरस कुणी आला नाही तरच.

संहितेत शपथेचा प्रवेश पहिला टाकायचा. प्रेक्षकांनी कलमं आधी ऐकलेली हवीत.

१४ जुलै
फाका कापून आल्या. कडांना लांबी (पुट्टी) भरून पॉलिश पेपर मारला. पाऊस धरून बसलाय, लांबी वाळायला वेळ घेतेय.

२१ जुलै
नावं रंगवायला घेतली, आणि आज एक जबरदस्त गोष्ट हाती लागली.

यादी विंचेस्टरचीच ठेवायची असं ठरलं होतं. त्यात विदूषक डॅगोनेट आहे, मुसलमान सरदार पॅलोमिडीझ आहे, स्वयंपाकघर बघणारा के आहे. पण आपल्या नाटकातला मारणारा पिनेल नाही, मेलेला पॅट्रिस नाही, आणि आरोप करणारा मॅडोरही नाही. मॅलरीच्या हिशेबानं हे सगळे मेजाचेच, तरी लाकडावर त्यांना जागा नाही. मी ताईंना विचारलं, दोन-तीन नावं बदलू का? त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “अजिबात नाही. मॅडोर उभाच राहील. सबंध नाटकभर त्याला खुर्ची नाही.”

उलट लॅमोरॅकचं नाव मात्र यादीत आहे. तो या गोष्टीच्या आधीच मेलाय. गवेननं आणि त्याच्या भावांनी त्याला मारलं. त्या खुनाचा दावा कधी उभाच राहिला नाही. मारेकरी राजाचे भाचे. पिनेल हा लॅमोरॅकचा भाऊबंद, आणि विष घातलं ते त्या खुनाच्या सुडापोटी. म्हणजे गुन्ह्याचं कारण आमच्या मेजावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, पुढे रिकामी खुर्ची. कुणीही वाचावं. कुणी वाचत नाही.

ताईंनी लगेच हालचाल बदलली: पिनेल सगळ्या पहिल्या प्रवेशात त्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा. एक शब्द बोलायचा नाही.

रंगाबद्दल: ऑइल पेंट लाइटखाली चमकतो आणि अक्षरं पुसट होतात. मॅट घेतला. अक्षरं देवनागरीत, पण उभ्या रेघा जाड, शेंडे टोकदार, म्हणजे लांबून जुन्या युरोपी लिपीचा भास होतो. ‘लॅमोरॅक’ प्रेक्षकांकडे तोंड करून येईल अशी फाक फिरवली. मेज मागून नऊ इंच उचललं, तर बाल्कनीतूनच नाही, तिसऱ्या रांगेतूनही नावं दिसतात.

३० जुलै
एका वकील मित्रापुढे संहिता वाचली. त्याचा पहिला प्रश्न, “तपास अधिकारी कोण?” सगळे हसले. मग त्यानं दुसरा विचारला: हे द्वंद्वाचं खरंच होतं का, की कवीची कल्पना?

खरंच होतं. पुरावा नसेल तर देव निर्दोष माणसाच्या हाताला बळ देईल, हा त्यामागचा विश्वास. तापलेलं लोखंड, पाण्यात बुडवणं असल्या दिव्य-परीक्षांत पाद्र्यांनी भाग घ्यायला चर्चनं १२१५ मध्येच मनाई केली, पण लढाईचा निवाडा मागे उरला. १३८६ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये जाँ द कारूज आणि जाक ल ग्री हे दोघे, कारूजच्या बायकोवरच्या बलात्काराच्या आरोपावरून, न्यायालयाच्या परवानगीनं मरेपर्यंत लढले. नवरा हरला असता तर तिला खोटी ठरवून जिवंत जाळणार होते. ती काळ्या कपड्यांत बसून बघत होती. मॅलरीची चिता इतकी काही हवेतली नव्हती. इंग्लंडात तर हा कायदा पुस्तकात पडूनच राहिला. १८१७ मध्ये अब्राहम थॉर्नटन नावाच्या खुनाच्या आरोपीनं भर कोर्टात हातमोजा टाकून द्वंद्व मागितलं, न्यायाधीशांना ते मान्य करावं लागलं, तेव्हा कुठे १८१९ मध्ये संसदेनं कायदा रद्द केला.

वकील मित्राला हातमोजा फार आवडला. आता मॅडोरही हातमोजाच टाकणार.

८ ऑगस्ट
चिलखतांचं काम. ईव्हीए फोमच्या शीट कापून हीट गननं वाकवल्या, वर काळा प्रायमर, त्यावर कोरड्या ब्रशनं चंदेरी. कड्यांचं चिलखत जुन्याच पद्धतीनं: जाड लोकर मोठ्या सुयांवर सैल विणायची आणि काळ्या-चंदेरी रंगानं मारायची. एका नटाच्या आजीनं विणून दिलं. लाइटखाली फोमपेक्षा तेच जास्त खरं दिसतं.

द्वंद्व दाखवायचं की नाही यावर खडाजंगी. मारामारीच्या दृश्याला टाळ्या पडतात, हे खरं. पण मॅलरीत लॅन्सेलॉट ऐन वेळी अनोळखी ढाल घेऊन येतो, मांडीला जखम झेलतो, मॅडोरला पाडतो, राणी सुटते. निकाल बरोबर लागला, पण कशामुळे? लॅन्सेलॉट जास्त चांगला लढतो म्हणून. तो आजारी पडला असता तर राणी जळाली असती आणि सगळ्यांनी तो देवाचा न्याय म्हणून घरी नेला असता. माझं म्हणणं: लढाई विंगेत, आवाज फक्त. रंगमंचावर मेज आणि राजा. शेवटी तेच ठरलं.

राजाला त्या वेळात काहीच बोलायचं नाही. आधीच बोलून झालेलं असतं: मला न्यायाधीश राहायचंय, म्हणून बायकोसाठी मला लढता येत नाही. त्यावर मॅडोर त्याला ऐकवतो की आपण राजे असलात तरी सरदार म्हणून आमच्यासारखेच, आणि शपथ आपणही घेतलीय. सबंध गोष्टीत ते मेज खरोखर गोल वाटतं ते या एका वाक्यापुरतं. आणि ते वाक्य उभ्या माणसाच्या तोंडी आहे.

१७ ऑगस्ट
पावसानं दोन फाका फुगल्या. काकांनी कडा रंधून बसवल्या. विंग अरुंद, लॅन्सेलॉट ढालीसकट जात नाही. ढाल उभी धरूनच वळायचं.

२४ ऑगस्ट
रंगीत तालीम. निम्यूचा प्रवेश शेवटी फार घाईत येतो. लढाई संपल्यावर ही निम्यू, सरोवराची जादूगार बाई, दरबारात येते आणि पिनेलनं विष घातलं, कशासाठी घातलं, ते सांगून टाकते. पिनेल आपल्या मुलखात पळतो. सत्य बाहेरून येतं, तेही निकाल लागून गेल्यावर. चोवीस नावांपैकी एकाला जे विचारावंसं वाटलं नाही, ते एक परकी बाई मोफत सांगते आणि निघून जाते.

बदल: निम्यूनं दरबाराच्या दारातून न येता प्रेक्षकांतून यावं. शेवटचं वाक्य बोलताना लॅमोरॅकच्या नावावर बोट ठेवावं, आणि नाव मात्र उच्चारू नये.

पॅट्रिसच्या थडग्यावरचा लेखही ठेवलाय. खुनी पिनेल, गवेनसाठी आणलेलं सफरचंद, पॅट्रिसचं दुर्दैव, मॅडोरनं राणीवर ठेवलेला आरोप, लॅन्सेलॉटनं तिच्यासाठी केलेली लढाई, सगळं त्यात आहे. सूत्रधार तो कोरड्या आवाजात, सरकारी आदेश वाचल्यासारखा वाचतो. राजाच्या भाच्यांनी केलेला खून त्यात नाही.

१ सप्टेंबर
पहिला प्रयोग झाला. बाहेर पडताना एक आजोबा काकांना विचारत होते, मेजावर त्या लॅमोरॅकचं नाव होतं, तो माणूस आला का नाही? काका म्हणाले, “तो आधीच खपला होता. कुणी मारलं ते नाटकात सांगितलंय, ऐकलं नाही का?” आजोबा म्हणाले, ऐकलं, पण त्याचं पुढे काय झालं? काकांनी माझ्याकडे बोट केलं.

पुढच्या प्रयोगाआधी: चौथ्या फाकेचा बोल्ट बदलायचा, आटे गेलेत. पिनेलच्या हाताखालच्या खुर्चीचा रंग घामानं निघतोय, वर मॅट लॅकर मारायचं. हातमोजा पडतो तेव्हा आवाज येत नाही; आत वाळू भरायची. शपथेच्या प्रवेशात बायकांच्या मदतीचं कलम घाईत जातं, ते गवेननं सावकाश म्हणायचं, राणीकडे बघून.